पुडा तोच, आतलं कमी : कामगारवस्तीतल्या रोजच्या खर्चाचा साठ वर्षांचा हिशेब

मागच्या वेळी आपण पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचा इतिहास पाहिला होता. कोणता कारखाना कधी आला, जमिनी कुणाच्या गेल्या, संप कुठे झाले, हे सगळं. व्याख्यान संपल्यावर एक ताई आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, कारखान्याचं सांगितलंत, आता आमच्या स्वयंपाकघराचं कधी सांगणार?" त्यांच्या घरी एक स्टीलची बरणी आहे. लग्नात आलेली. एक लिटर तेलाची पिशवी ओतली की बरणी गळ्यापर्यंत भरायची. आता पिशवी ओतली तरी बरणी दोन बोटं रिकामी राहते. "बरणी वाढली का?" असं त्यांनी हसत विचारलं. पण त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

म्हणून आजचा विषय स्वयंपाकघराचा. भाव वाढतात हे सगळ्यांना कळतं, त्यावर मोर्चे निघतात, निवडणुका लढवल्या जातात. १९७२ च्या दुष्काळानंतर मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, ते तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. पण भाव तोच ठेवून, किंवा वाढवूनसुद्धा, हातात कमी पडणं ही महागाई वेगळी. तिच्यावर मोर्चा काढायचा तर कुणाच्या दारात न्यायचा हेच कळत नाही.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९६६ मध्ये टेल्को पुण्याला आली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. नव्वदीच्या शेवटी गाडं नाशिक रस्त्याने चाकणकडे सरकलं. चाकण तोवर कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखलं जायचं. आता महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी ही नावं देशभरातल्या गाडी-उद्योगाला पाठ आहेत. या सगळ्या पट्ट्यात पगारावर जगणारी माणसं लाखांनी आहेत, आणि पगारावर जगणाऱ्या माणसाला शेतातलं धान्य नसतं. त्याला सगळं विकत घ्यावं लागतं. म्हणून माप हा त्याच्या जगण्याचा प्रश्न असतो.

आपल्या भाषेत 'मापात पाप' हा शब्दप्रयोग उगाच आलेला नाही. गावात धान्य पायलीने, शेराने, चिपट्याने मोजलं जायचं, आणि एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराला जुळेलच असं नाही. ते मिटवायला १९५६ चा वजन-मापांचा कायदा आला. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो आला. म्हणजे आपल्या औद्योगिक पट्ट्याचा जन्म आणि किलोचा जन्म जवळपास एकाच वेळचा.

तेव्हाही गंमत झाली होती. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. आता एक आण्याची वस्तू घेतली तर वाणी सहा पैसे घेणार की सात? सव्वासहाचं नाणं तर निघालेलं नाही. तो सात घेणार. तो पाव पैसा, अर्धा पैसा कुणाच्या खिशात गेला हे सांगायला नको. त्या काळातल्या आज्या 'नवे पैसे आले आणि बरकत गेली' म्हणायच्या, त्यात भाबडेपणा कमी आणि हिशेब जास्त होता, असं आम्हाला वाटतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. नाण्याचं गोल असणं आणि मापाचं न जुळणं, या दोन गोष्टींच्या फटीतून पैसा गळतो. पुढेही हेच होणार आहे.

सत्तरच्या दशकापर्यंत आमच्या लहानपणी चिंचवडला किराणा सुटाच मिळायचा. आई पिशवी आणि तेलाची किटली देऊन पाठवायची. वाणी तराजूत तोलायचा, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून द्यायचा. तो थोडा काटा मारतो हे सगळ्या आळीला ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. आई घरी आल्यावर डाळ डब्यात ओतून बघायची. डबा काठापर्यंत आला नाही की दुसऱ्या दिवशी आम्हाला परत दुकानात पाठवायची, आणि वाणी न बोलता मूठभर डाळ वर टाकायचा. भांडणाला चेहरा होता.

मग पुडा आला. पुड्यावर कंपनीचं नाव, बंद तोंड, छापील वजन. आता काटा मारायची सोय नाही, असं वाटलं. १९७७ मध्ये केंद्र सरकारने आवेष्टित वस्तूंचे नियम केले. त्यात एक फार शहाणपणाची तरतूद होती. बिस्किटं, चहा, खाद्यतेल, साबण अशा काही वस्तू ठरावीक वजनातच विकायच्या. पन्नास ग्रॅम, शंभर ग्रॅम, दोनशे, पाचशे, एक किलो, अशा पायऱ्या. म्हणजे गिऱ्हाइकाला भागाकार करावा लागू नये. दोन पुडे शेजारी ठेवले, वजन एकच, मग किंमत बघायची. १९९० पासून पुड्यावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे आपली एमआरपी, छापणं आलं.

पण या नियमांत एक पळवाट होती. वजन ठरलेल्या पायरीवर नसेल तर 'हा प्रमाणित आकाराचा पुडा नाही' असं वेष्टनावर छापायचं आणि खुशाल विकायचं. जुन्या बिस्किटांच्या कागदावर बारीक इंग्रजी अक्षरांत ती ओळ असायची. किती जणांनी वाचली? आम्ही तरी मोठे होईपर्यंत वाचली नव्हती. बिस्किटाचा छोटा पुडा वर्षानुवर्षं चार रुपयांना मिळत राहिला आणि शंभर ग्रॅमवरून ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी असा उतरत निम्म्यावर आला. चार रुपयांचा तो पुडा, पारले-जीचा, महाराष्ट्रातल्या प्रत्येक पाळीच्या चहाबरोबर खाल्ला गेलाय. किंमत स्थिर ठेवली म्हणून त्या कंपनीचं कौतुकही झालं, आणि त्यात तथ्य आहे. रोजंदारीवरच्या माणसाकडे सुटे चार रुपये असतात, पाच रुपये बारा पैसे नसतात. पुन्हा नाण्याचाच प्रश्न. २०११ च्या जूनअखेर चार आणे चलनातून गेले, त्यानंतर तर व्यवहारात रुपयाखाली फारसं काही उरलंच नाही. भाव दहा टक्के वाढवायचा म्हटलं तर पाचाचे साडेपाच होतात, ते देणार कसे? मग ग्रॅम कापायचे. आम्ही यात कुणाला खलनायक करत नाही, पण ग्रॅम कापल्याचं सांगायला हवं होतं, एवढंच.

आता अलीकडचा बदल, आणि हा मात्र नीट ऐका. २००९ चा वैधमापनशास्त्र कायदा आला, २०११ चे नवे नियम आले, त्यातही वजनाच्या पायऱ्या होत्या. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने दुरुस्ती करून ती सगळी अनुसूचीच काढून टाकली. २०२२ पासून कुठलीही वस्तू कितीही वजनात विकता येते. बदल्यात काय दिलं? 'एकक विक्री किंमत', म्हणजे ग्रॅममागे किंवा किलोमागे भाव छापायचा. कागदावर हे उत्तम आहे. गिऱ्हाईक भाव ताडून बघेल, वजन काहीही असो.

प्रत्यक्षात काय होतं ते आम्ही गणित करून दाखवतो. नियम असा की वजन एक किलोपेक्षा कमी असेल तर भाव ग्रॅममागे छापायचा, दोन दशांशांपर्यंत. समजा पाच रुपयांच्या पुड्यात ५८ ग्रॅम आहे. पाच भागिले अठ्ठावन्न, म्हणजे ०.०८६. दोन दशांशांत ०.०९ रुपये. आता कंपनीने पाच ग्रॅम काढून घेतले, पुडा ५३ ग्रॅमचा झाला. पाच भागिले त्रेपन्न, ०.०९४. दोन दशांशांत पुन्हा ०.०९! साडेआठ टक्के माल गेला आणि पुड्यावर छापलेला भाव जागचा हलला नाही. सव्वासहा पैशांच्या आण्यासारखंच झालं हे. शंभर ग्रॅममागे भाव छापला असता तर ८ रुपये ६२ पैसे आणि ९ रुपये ४३ पैसे असा फरक पोरालाही दिसला असता. मोठ्या पाकिटांवर ही ओळ उपयोगी आहे, नाही असं नाही. पण गरीब माणूस जो पुडा घेतो नेमक्या त्याच पुड्यावर ती आंधळी होते.

तर त्या ताईंची बरणी. खाद्यतेलाच्या एका लिटरचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पायऱ्या असताना पिशवी एक लिटरची असायची. पायऱ्या गेल्यावर ८५० ग्रॅम, ८०० ग्रॅम, त्याहूनही कमी, अशा पिशव्या आल्या. पिशवीचा आकार तोच, चित्र तेच, आणि दुकानात आपण मागतो 'एक पिशवी'. आणखी एक युक्ती होती. पिशवीवर लिटर छापायचं आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहायचं, अमुक तापमानाला. तापमान लिहिलंय साठ अंश सेल्सिअस! गरम तेल फुगतं, त्यामुळे साठ अंशाला लिटरभर दिसणारं तेल घरातल्या तापमानाला पंचवीसएक ग्रॅमने कमी असतं. कढईत ओतल्यावर ते साठ अंशाला जाईल हे खरं आहे, पण विकत घेताना नसतं ना. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेल कंपन्यांना तापमान न लिहिता माप छापायला सांगितलं. बरणी वाढली नाही, ताई. पिशवी उतरली.

परदेशातही हेच चाललंय, त्याला तिकडे 'श्रिंकफ्लेशन' हे नावही आहे. फ्रान्सने १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना सक्ती केली की माल घटला आणि भाव घटला नाही, तर तसा फलक त्या वस्तूजवळ लावायचा. आपल्याकडे अशी पाटी अजून नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा काही पाच रुपयांच्या पुड्यांवर पाचाहून कमी, सुट्ट्या पैशांतल्या किमती छापल्या गेल्या. ते सुटे पैसे कुणाकडे आहेत? टपरीवाला पाचच घेतो.

आता तुम्ही म्हणाल, पगारदाराला महागाई भत्ता असतो की. हो, आणि या भत्त्याचा इतिहास आपल्याच राज्यातला आहे. पहिल्या महायुद्धात भाव भडकले तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत पगारावर युद्धभत्ता मिळू लागला. १९२१ मध्ये मुंबई सरकारने कामगार कार्यालय काढलं आणि १९२१-२२ मध्ये गिरणीकामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. ज्वारी किती, तेल किती, खोलीभाडं किती. त्यातून राहणीमान-खर्चाचा निर्देशांक निघाला. पुढे भत्ता त्याला जोडला गेला. म्हणजे कामगाराच्या वाण-सामानाची यादी हे एक सरकारी कागदपत्र झालं, आणि यादीत काय धरायचं यावर भांडणं सुरू झाली. १९६३ मध्ये मुंबईचा निर्देशांक खरी महागाई दाखवत नाही ही संघटनांची तक्रार एवढी वाढली की राज्य सरकारला अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. निर्देशांक कमी दाखवला जात होता हे समितीला मान्य करावं लागलं. कामगाराची शंका खरी निघाली. तो अर्थशास्त्र शिकलेला नव्हता, पण त्याच्या घरी डबा होता.

आज जो निर्देशांक वापरतात तो औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक. त्याची आधारवर्षं १९६०, १९८२, २००१ आणि आता २०१६. जुना आकडा नव्याशी जोडायला गुणक दिलेले आहेत : ४.९३, ४.६३ आणि २.८८. तिघांचा गुणाकार केला तर ६५.७४ येतो. म्हणजे १९६० मध्ये जी टोपली एक रुपयाला येत होती ती २०१६ मध्ये साधारण पासष्ट रुपये पंच्याहत्तर पैशांना. अर्थात टोपली तीच राहिलेली नाही, आणि आम्हाला खरा रस त्यात आहे.

१९८२ च्या टोपलीत खाण्याचा वाटा शंभरात ५७ होता. २००१ मध्ये ४६.२० झाला, २०१६ मध्ये ३९.१७. पुस्तकात लिहिलेलं असतं की उत्पन्न वाढलं की खाण्यावरचा वाटा घटतो, आणि ही प्रगतीची खूण. मान्य. पण उरलेला पैसा कुठे गेला ते बघा. घरभाड्याचा वाटा ८.६७ वरून १६.८७, जवळपास दुप्पट. आणि 'संकीर्ण' नावाच्या खात्याचा १६.३६ वरून ३०.३१. संकीर्ण म्हणजे दवाखाना, शाळा, प्रवास, मोबाइल वगैरे. कामगाराने मौज वाढवली म्हणून हे वाढलं का? थोडं तसंही असेल. पण आमचं निरीक्षण असं की यातल्या पुष्कळ गोष्टी आधी पगाराबाहेर, न मोजता मिळत होत्या. त्या आता विकत घ्याव्या लागतात.

आमचे वडील ज्या कंपनीत होते तिथली उदाहरणं सांगतो. कॅन्टीन होतं. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन ठेवावं लागायचं. जेवण नाममात्र पैशांत. पाळीच्या लोकांसाठी कंपनीची बस, चिंचवड स्टेशनवरून सुटणारी. आजारी पडलं तर कामगार विम्याचं कार्ड, मोहननगरचं रुग्णालय. औषधाची बाटली तिथलीच. ते औषध सगळ्याच आजारांवर एकच असायचं अशी तेव्हा थट्टा होती, ती असो. यातलं काहीही पगाराच्या चिठ्ठीवर उत्पन्न म्हणून दिसायचं नाही. वडिलांचा पगार आजच्या आकड्यांपुढे काहीच नव्हता, पण महिन्यातला बराच खर्च पगाराला स्पर्शच करत नव्हता.

आज चाकणला कंत्राटदारामार्फत लागलेला मुलगा घ्या. त्याला किमान वेतन आणि त्यावर विशेष भत्ता मिळतो, भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, निर्देशांकाप्रमाणे बदलतो. तो बीडहून, नांदेडहून, नाहीतर बिहारमधून आलेला असतो. खोलीत चार-पाच जण, किंवा 'कॉट बेसिस'. दिवसपाळीवाला उठला की त्याच कॉटवर रात्रपाळीवाला झोपतो. म्हणजे पुड्यातले ग्रॅम कापतात तसे इथे अंथरुणाचे तास कापलेत, भाडं मात्र महिन्याचं. स्थानिक पत्त्याचा कागद नाही म्हणून घरगुती गॅसची जोडणी लवकर मिळत नाही. मग कोपऱ्यावरून किलोवर गॅस भरून आणायचा. तो महाग पडतो आणि धोक्याचाही असतो. किराणा महिन्याचा भरायला एकरकमी पैसे नसतात, ठेवायला जागा नसते, म्हणून रोजचा पुडा. डेव्हिड कॅप्लोविट्झ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या वस्त्यांचा अभ्यास करून १९६३ मध्ये एक पुस्तक लिहिलं, गरीब जास्त मोजतात अशा अर्थाचं त्याचं नाव. चाकणच्या मुलाला ते पुस्तक वाचायची गरज नाही. एक अपवाद आम्ही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. शाम्पूची पुडी मिलिलीटरमागे बऱ्याचदा मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते. का, ते कंपन्यांच्या आपसातल्या स्पर्धेत शोधावं लागेल.

प्रवासाचं सांगतो. पीसीएमटी १९७४ ची, ती आणि पीएमटी मिळून २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली. १ जून २०२५ पासून तिचं कमीत कमी तिकीट पाचावरून दहा रुपये झालं, दोन्ही महापालिका हद्दींचा दिवसाचा पास ४० वरून ७०, महिन्याचा ९०० वरून १५००. डिझेल वाढलं, पगार वाढले, बस कंपनीने तरी काय करावं, हे आम्हाला कळतं. पण पास दीडपटीहून महाग झाला म्हणून मोशी ते चाकण अंतर दीडपट वेगाने कापलं जात नाही. तळेगाव चौकात बस उभी असते ती असतेच. निर्देशांक तिकिटाचा दर मोजतो. त्या तिकिटात पूर्वी चाळीस मिनिटं जायची आणि आता दीड तास जातो, हे कुठल्या खात्यात धरायचं?

इथे न्यायाने एक बोललं पाहिजे. निर्देशांकवाले पुड्यातलं वजन बघत नाहीत असं समजू नका. ते ठरलेल्या मापाचा भाव घेतात, त्यामुळे घटलेले ग्रॅम तिथे बऱ्यापैकी पकडले जातात. पकडली जात नाही ती सेवा. आणि खोलीभाड्याची पाहणी सहा महिन्यांतून एकदा असते. म्हणजे आमची तक्रार तेलाच्या पिशवीपाशी सुरू झाली तरी तिथे संपत नाही.

कामगार विम्याची गोष्ट तर नाटकासारखी आहे. जानेवारी २०१७ पासून त्याची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. पगार वाढून त्याच्या वर गेला की चालू अंशदान-कालावधी संपल्यावर माणूस विम्याबाहेर. वाढ समजा पाचशेची. त्या पाचशेत बायको-मुलांचा दवाखाना विकत घ्यायचा. आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांनी साहेबांकडे जाऊन 'माझी वाढ थांबवता येईल का' असं विचारलं होतं. साहेब हसले. त्यांच्या घरी मधुमेहाची आई होती.

घराचंही तसंच. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. कामगाराला परवडणारं घर मिळावं हा त्याचा हेतू. निगडी, आकुर्डी, भोसरीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या. पेठा आखल्या, रस्ते रुंद झाले, काही हजार कामगारांना घरं मिळालीही. आमचे काका त्यातले. पण आज 'प्राधिकरणात राहतो' म्हटलं की लोक कामगार समजत नाहीत, बंगला समजतात. जमीन दिलेल्या शेतकऱ्यांच्या साडेबारा टक्के परताव्याचं भांडण पिढ्यान्‌पिढ्या चाललं, आणि २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित होऊन पीएमआरडीए आणि महापालिकेत वाटलं गेलं.

शेवटी पाणी. आज सभागृहात वाकड, रावेत, मोशीची बरीच मंडळी दिसतायत, त्यांच्यासाठी. आपल्या शहराचं पाणी पवनेचं. रावेतच्या बंधाऱ्यातून उचलायचं, निगडीला शुद्ध करायचं. १९९१ ला शहराची लोकसंख्या पाच लाखांवर होती, २००१ ला दहा लाखांवर, २०११ ला १७ लाख २७ हजार. धरणातून बंद नळाने थेट पाणी आणायची योजना झाली, मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. योजना थांबली. हे विसरून पाण्याच्या तक्रारी करू नयेत असं आम्हाला वाटतं. नळाच्या त्या टोकालाही माणसं आहेत. पुढे आंद्रा आणि भामा आसखेडचं पाणी शहराला मंजूर झालं, आंद्राचं निघोज्याहून चिखलीला येऊ लागलं. तरी नोव्हेंबर २०१९ मध्ये 'सर्वांना समान दाबाने मिळावं' म्हणून सुरू झालेला दिवसाआडचा पुरवठा तसाच वर्षानुवर्षं चालू राहिला.

महापालिका सांगते की उचललेलं पाणी निम्मं झालेलं नाही, फक्त वाटायची रीत बदलली. ते कबूल करू. पण दिवसाआड पाणी घ्यायचं तर टाकी मोठी लागते, पंप जास्त चालतो, आणि टाकी अपुरी पडली की टँकर. सोसायटीच्या देखभाल-खर्चात टँकर नावाचा एक रकाना आहे, आणि उन्हाळ्यात तो बाकी सगळ्या रकान्यांना गिळतो. मिळकतकर भरलाय, पाणीपट्टी भरलीय, वर टँकर. एकच बादली तीनदा विकत घेतलेली. आणि टँकरमध्ये खरंच किती लिटर आलं? पुड्यावर निदान ग्रॅम छापलेले असतात. टँकर 'दहा हजारी' म्हणतात म्हणून दहा हजारी. आमच्या सोसायटीच्या खजिनदार बाईंनी एकदा टाकीत काठी उभी करून टँकर यायच्या आधी आणि नंतर खूण केली, लांबी-रुंदीने गुणलं. आकडा चांगलाच कमी भरला. टँकरवाला म्हणाला, खड्ड्यांत सांडलं. त्या म्हणाल्या, मग खड्ड्यांना बिल पाठव. तेव्हापासून त्यांच्या हातात काठी दिसली की टँकर काठोकाठ येतो, निदान त्यांच्या पाळीला.

वेळ संपत आली. चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय : पुड्यात छापल्यापेक्षा कमी भरलं तर कुठे जायचं? राज्याची वैधमापनशास्त्र यंत्रणा आहे, जिल्ह्याला निरीक्षक असतात, टँकरचं किंवा गॅसचं माप असेल तरी तक्रार तिथेच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, हाताशी ठेवा. पावती आणि वेष्टन फेकू नका, त्यांच्याशिवाय तक्रार उभी राहत नाही. मात्र छापलेलंच कमी असेल, म्हणजे ८०० लिहून ८०० च दिलं असेल, तर तो गुन्हा नाही, तिथे तुमची बरणीच कामाची. त्या ताई आज आल्यात का? मागे बसल्यात. त्यांनी बरणीवर खिळ्याने लिटरची खूण केलीय म्हणे, आणि दर महिन्याला तारीख टाकून ती वहीत लिहितात. ती वही आम्हाला पुढच्या व्याख्यानासाठी हवी आहे.